धुक्यावरचं विमान

उज्वला बोरस्ते निफाडकडच्या शेतकरी घरातली. भौतिकशास्त्र शिकून ती विमानतळाच्या हवामान कक्षात लागली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नवरा गोरक्ष आणि सासू बयाबाई यांच्यासोबत ती गंगापूर रोडला राहते. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना असलेली दृश्यमानता मोजणारी यंत्रं तिच्या ताब्यात आहेत. एका खांबावरून प्रकाश सुटतो, समोरच्या खांबावर पोचतो. मध्ये तो किती विरला त्यावरून वैमानिकाला किती लांबचं दिसेल ते कळतं.

परवाच्या थंडीत बयाबाई लेकीच्या बाळंतपणाला दिल्लीला गेल्या होत्या. परतीचं तिकीट विमानाचं निघालं. आयुष्यातलं पहिलंच. गोरक्ष सकाळीच त्यांना घ्यायला येऊन बाहेर थांबला होता.

विमान जवळ आलं तेव्हा हवामान कक्षाच्या खिडकीतून धावपट्टीचं अलीकडचं टोक लख्ख दिसत होतं. पण विमान उतरणार होतं पलीकडून, आणि तिथल्या यंत्राचा आकडा एकदम खाली आला. उतरायला परवानगी मिळेना. विमान वर घिरट्या घालू लागलं. सोबतचा संतोष म्हणाला, काचेवर धूळ किंवा कोळ्याचं जाळं असेल, एवढ्या स्वच्छ हवेत असा आकडा येईलच कसा?

उज्वलालाही तेच खरं असावंसं वाटत होतं. सासूबाई वर होत्या. आकडा चुकीचा आहे असं तिनं कळवलं असतं, तर कुणी शंका घेतली नसती. तिनं टॉवरची परवानगी घेतली आणि जीपमधून ती पलीकडच्या टोकाला गेली.

शेवटच्या वळणानंतर जीप धुक्यात शिरली. रात्री पाणी भरलेल्या द्राक्षबागांवरून ते कुंपण ओलांडून धावपट्टीवर येऊन बसलं होतं. ती खाली उतरली. कडेचे दोन दिवे दिसत होते, तिसरा दिसेना. तरीही तिनं काचा पुसून पाहिल्या. आकडा हलला नाही.

तिनं वॉकीटॉकीवर सांगितलं, "यंत्र बरोबर आहे. इथं खरंच दिसत नाही. उतरू देऊ नका."

बोलून झाल्यावर तिनं वर पाहिलं. वरून विमानाचा आवाज येत होता, विमान मात्र दिसत नव्हतं. मुंबईला वळवायची तयारी सुरू झाल्याचं टॉवरनं कळवलं.

मग ऊन वर आलं. तिसरा दिवा दिसला, पाठोपाठ चौथा. आकडा चढत गेला, ती जीपनं परत आली आणि थोड्याच वेळात परवानगी मिळाली. चाकं जमिनीला टेकली तेव्हा उज्वला हवामान कक्षाच्या पायरीवर बसली आणि हसत सुटली. संतोषनं तिच्यापुढे चहा ठेवला.

ड्युटी संपवून ती घरी आली तेव्हा बयाबाई शेजारणीला प्रवास सांगत होत्या. विमान वरच फिरायला लागल्यावर डायवर वाट इसरला का काय, असं त्यांना वाटलं होतं.

"आई, ते मीच थांबवलं होतं," उज्वला म्हणाली. "खाली काही दिसत नव्हतं."

बयाबाई तिच्याकडे वळल्या.

"मग बरं केलं," त्या म्हणाल्या. "वर ऊन लय छान पडलं होतं. मला काय घाई नव्हती."