मातीचं बोट

ओल्या अद्रकीचा वास आला की मला पिशोरच्या बाजारातली ती सकाळ आठवते. मी घरातली पहिली पदवीधर, आणि मुकुंदवाडीच्या भाड्याच्या खोलीत बसून अडत्याशेठसाठी वजनं नोंदवायचं वेब ॲप बनवलं होतं. लिलावात ते अडलं तर पुन्हा काम देणार नाय, असं शेठनी आधीच बजावलं होतं. ते चालवायला दोन टॅबलेट आणले होते, एक पातळ आणि चकचकीत, दुसरा जाड आणि बेढब. "मॅडम, पातळच ठेवा. तो दुसरा तर पाटा वाटतो," शेठ म्हणाले. मी अद्रकीच्या पोत्यात हात घातला आणि ओली माती बोटांना चोळली. "अहो, हे काय करता?" "तुमचा मापाडी हात धुवून वजन लिहितो व्हय?" मी विचारलं. पातळ टॅबलेटवर बोट दाबलं, पान हललं नाय. पुन्हा दाबलं तर भलताच आकडा उठला. गाड्या रांगेला लागल्या होत्या. मग तेच मातीचं बोट दुसऱ्यावर टेकवलं. वजन बरोबर नोंदलं गेलं. "पाटाच ठेवा मग," शेठ म्हणाले. आता शहरात माझं ऑफिस आहे, पण नवं यंत्र आलं की मी आधी कुंडीतल्या मातीत बोटं घालते.