पुरणयंत्र आणि काउंटरवरची बाई

बेंगळुरूहून पुण्याला मी नेहमी स्वस्तातल्या विमानाने जातो. त्यामुळे विमानतळाच्या काउंटरवर सामानाचं वजन करणारी बाई ओळखीची झाली होती. वजन जास्त भरलं, तर जादा पैसे सांगण्याआधी ती हळूच विचारायची, "जाकीट अंगात घालता का?" नियम आणि माणूस, दोन्ही तिला कसे सांभाळता येतात, याचं मला कुतूहल होतं.

परवा माझ्यापुढे एक आजोबा होते. स्वेटर, शाल अंगावर चढवूनही त्यांची बॅग दोन किलो जास्तच भरत होती. आत पितळी पुरणयंत्र होतं.

"बायकोचं आहे," ते म्हणाले. "ती गेली. लेकीला द्यायचंय. पण एवढे पैसे? आणि घरी परत न्यायला कुणी नाही."

"स्वल्प थांबा, अण्णा," ती बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरांतल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली. "माझ्याकडे ठेवा. पुढच्या खेपेला न्या."

"तुमची विमान कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन होणार म्हणतात. तेव्हा तू इथे असशील?"

तिचे हात थांबले. "ते आम्हालाही कुणी सांगत नाही."

मग तिने एका कागदावर पत्ता लिहिला. "नोकरीचं माहीत नाही, अण्णा. पण घर तीन पिढ्या राजाजीनगरातच आहे. तिथे या."

आजोबांनी यंत्र दोन्ही हातांनी तिच्याकडे दिलं आणि तो कागद चष्म्याच्या घरात जपून ठेवला.