बटणामागचा माणूस

ऑफिसात त्याला सगळे बटणमामा म्हणत. खऱ्या नावाने कोणी हाक मारली असती तर त्यानेच इकडेतिकडे पाहिलं असतं. गावोगावी सौरऊर्जेचे प्रकल्प उभारणारं ते ऑफिस. तिथे इंजिनिअर होते, सल्लागार होते, सल्लागारांना सल्ला देणारेही होते, आणि हे सगळे मिळून जे काही करत त्याच्या शेवटी एक उद्घाटन असे. उद्घाटन म्हणजे मामा. मंडप, खुर्च्या, फीत, दगडी पाटी, बँड आणि बटण. विजेतलं त्याला ओ की ठो कळत नसे, आणि कळावं अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

आता बटणाची भानगड सांगायला हवी. व्यासपीठावर मखमलीच्या कापडावर बशीएवढं एक लाल बटण ठेवलेलं असायचं. पाहुण्यांनी ते दाबलं की गावभर दिवे लागायचे, टाळ्या पडायच्या, फोटो निघायचे. त्या बटणाला वायर नव्हती. पूर्वी एकदा खरं बटण जोडलं होतं, तर पाहुण्यांनी बोलता बोलता त्यावर कोपर टेकवलं, आणि 'आता हा अंधार कायमचा हटणार' हे वाक्य बिचाऱ्यांना लख्ख उजेडात म्हणावं लागलं. तेव्हापासून ऑफिसने ठरवलं, बटण पाहुण्यांचं, स्विच आपला. पडद्यामागे फटीला डोळा लावून मामा उभा राहायचा. पाहुण्यांचं बोट टेकलं की याचा खटका खाली. बोट आणि दिवा यांच्यात त्याने कधी एका श्वासाचं अंतर पडू दिलं नव्हतं. याचा त्याला असा काही अभिमान होता की विचारू नका. दुसऱ्या ऑफिसच्या कार्यक्रमात दिवा जरा उशिरा लागला, तर हा मागच्या रांगेत बसून च् च् करायचा.

वरून पाहणाऱ्याला वाटावं, प्रकल्प म्हणजे आधी आखणी, मग सामान, मग जोडणी, मग वीज. छे हो. तिथे पॅनेलचे पैसे एका देशाचे, बॅटऱ्यांचे दुसऱ्याचे, खांब सरकारचे, आणि तिघांच्या तारखा तीन दिशांना. एखाद्या गावात नुसतेच खांब उभे, वर कावळे. दुसऱ्या गावात पॅनेल आलेली, त्यांच्या सावलीत शेळ्या. आणि बॅटऱ्यांची खोकी नेहमी बंदरात अडकलेली, कारण कुठल्या तरी कागदावर कुठला तरी शिक्का उलटा पडलेला. घोडं कुठे अडलंय हे शोधायला मग एक समिती.

या सगळ्यातून मामाने मात्र एक नियम ताडला होता. तो कुठल्याही अहवालात नव्हता, पण कधी चुकला नव्हता. बंदरातून सुटलेली खोकी जातात ती बटण दाबायच्या गावाला. बटण दाबून झालेल्या गावाला कधीच नाही. ज्या गावाचा फोटो निघाला ते गाव ऑफिसच्या दृष्टीने उजळलं, मग तिथले लोक रात्री ठेचकाळत का फिरेनात. सामान अर्धवट असताना भाड्याच्या जनरेटरवर दिवे लावून उरकलेली उद्घाटनं मामाने पाहिली होती. पाहिली कसली, खटका त्यानेच दाबला होता. नंतर त्या रस्त्याने जायची वेळ आली की तो गाडीत डोळे मिटून घ्यायचा.

आणि मग यादीत ताईचं गाव आलं.

ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. तोंडाने फटकळ. गावात वीज यायची म्हणून ऑफिसची माणसं तीनदा पाहणी करायला आली आणि तिन्ही वेळा एकच प्रश्न विचारून गेली, वीज आली तर काय कराल. पहिल्यांदा ती म्हणाली, उजेड करू. दुसऱ्यांदा म्हणाली, पिठाची चक्की घालू. तिसऱ्यांदा म्हणाली, तुम्हाला चहा देणं बंद करू. हे तिसरं उत्तर पाहणी करणाऱ्या पोराने 'इतर उपयोग' या रकान्यात लिहून नेलं.

चक्कीचं मात्र ती थट्टेने बोलली नव्हती. गावात दळणाची सोय नव्हती. बायका डोक्यावर दळण घेऊन टेकडीपलीकडच्या गावात जायच्या, त्यात अर्धा दिवस खलास. दाजी कामासाठी परमुलखात, त्यांचं येणं-जाणं लहरीवर. ताईला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. मामाने तिला सांगितलं, "घे तू चक्की. वीज येतेय, माझा शब्द." तिने घेतली. मोटरसकट, पट्ट्यासकट, बैलगाडीएवढी जागा खाणारी. वीज काही आली नाही. चक्कीवर चादर पडली, चादरीवर भांडी आली, पुढे भाचीने त्यावर अभ्यासाची पुस्तकं मांडली. गावात कोणी विचारलं तर ताई म्हणायची, "माझ्या भावाचा शब्द आहे तो, त्याच्यावर आम्ही पातेली ठेवतो."

मामा हसायचा. हसण्याशिवाय करणार काय?

उद्घाटनाची तारीख ठरली ती परदेशातून, कारण निधी देणारे पाहुणे त्याच आठवड्यात इकडे होते. पॅनेल बसली होती, खांब होते, तारा होत्या, घराघरात बल्बही लटकले होते. बॅटऱ्या आणि वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, दोन्ही बंदरात. प्रकल्पाच्या मॅडमनी मामाला केबिनमध्ये बोलावलं. त्या तशा वाईट नव्हत्या. फक्त त्यांच्या डोक्यावर बसणारे चार साहेब होते आणि प्रत्येकाचं वजन वेगळं.

"मामा, जनरेटरचं बघा," त्या म्हणाल्या. "आवाज येता कामा नये. खोकी सुटली की आपण नंतर जोडून टाकू."

"नंतर?" मामा म्हणाला.

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनाही नियम ठाऊक असावा.

आदल्या दिवशी मामा मंडप घेऊन गावात पोचला आणि मुक्कामाला अर्थातच ताईकडे. दारात पाऊल टाकलं आणि तो तिथेच थबकला. चक्कीवरची चादर निघाली होती. यंत्र पुसून लख्ख केलं होतं, पट्ट्याला तेल दिलं होतं. आणि ओट्यावर, पायऱ्यांवर, पार कुंपणापर्यंत धान्याचे डबे लागले होते. आळीतल्या प्रत्येक घराचा एक. पहिलं दळण कोणाचं यावरून सकाळी दोन बायकांची जुंपली होती म्हणे.

"ये," ताई म्हणाली. "हात धू. तुझ्या शब्दावरची पातेली काढली बघ शेवटी."

तो जेवला. काय जेवला ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दहा वेळा तोंड उघडलं आणि दहा वेळा पाणी प्यायला. व्यासपीठामागे चारशे लोकांना चकवणारा हा गडी, पण समोर बसलेल्या बहिणीला एक वाक्य सांगायची त्याची छाती होईना. भित्रा मेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनरेटर आला. मामाने तो शाळेच्या भिंतीमागे खड्ड्यात उतरवला. आवाज दाबायला गाद्या हव्या होत्या. गावात जास्तीच्या गाद्या ताईकडेच. "पाहुण्यांना बसायला हव्यात," असं सांगून त्याने त्या उचलल्या, जनरेटरभोवती गुंडाळल्या आणि सुतळीने आवळल्या. वर बँडवाल्यांना बजावलं, "मी सांगेपर्यंत वाजवत राहायचं. दिवे लागले की थांबायचं. त्याआधी मेलात तरी वाजवायचं." बँडमास्तर म्हणाला, "वाजवू." साधा माणूस होता.

ऊन उतरलं तशी ताई मंडपात आली. पाहुण्यांसाठी नेलेल्या गाद्यांवर धुतलेल्या चादरी टाकाव्यात म्हणून ती चादरी घेऊन आली होती. मंडपात नुसत्या खुर्च्या. ती गाद्या शोधत शोधत शाळेच्या मागे गेली. तिथे मामा वाकून डिझेल ओतत होता.

तिने खड्ड्यात पाहिलं.

"हे कधी जाणार?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी."

"चक्की चालेल यावर?"

"नाही. बल्बांपुरतंच आहे."

"आणि ते उन्हाचं?"

"खोकी आली की," मामा म्हणाला, आणि डिझेलच्या डब्याचं झाकण आवळायला लागला. ताईला नियम माहीत नव्हता, पण भावाचा चेहरा ती तो रांगत होता तेव्हापासून वाचत आलेली होती.

आता ही फटकळ बाई आपल्याला सोलून काढणार, म्हणून मामाने मान खाली घातली. तेवढं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. तिने हातातल्या चादरींची घडी नीट केली.

"डबे परत करून येते," ती म्हणाली. "लोकांना रात्रीच्या भाकरीला पीठ लागेल." आणि गेली.

संध्याकाळी पाहुणे आले. उंच, वयस्क, सज्जन दिसणारे गृहस्थ. त्यांना इथली भाषा येत नव्हती, म्हणून मॅडम शेजारी बसून एकेक वाक्य त्यांना समजावून सांगत होत्या. भाषणं झाली. सूर्य सहा वेळा उल्लेखला गेला आणि कंटाळून मावळला. बँड सुरू झाला. शाळेमागे जनरेटर गाद्यांत तोंड खुपसून चालला होता, कोणाच्या कानी काही येत नव्हतं. मामा पडद्यामागे आपल्या जागी. एक डोळा फटीला, एक हात खटक्यावर.

फटीतून त्याला पाहुणे दिसत होते, बटण दिसत होतं आणि पलीकडे मंडपाच्या कडेला ताई दिसत होती. ती उभी होती. तिच्या पायाशी एकच डबा होता, तिचा स्वतःचा.

पाहुण्यांनी बोट उचललं. बोट खाली आलं, टेकलं.

मामाने हात खटक्यावरून काढला आणि खिशात घातला. दुसराही घातला, न जाणो सवयीने तोच पुढे जायचा.

पाहुण्यांनी पुन्हा दाबलं. मग अंगठ्याने दाबलं. मॅडम पडद्याकडे पाहून हसत होत्या, आणि ते हसू हळूहळू वाळत चाललं होतं. बँडवाले इमानदार, दिवे लागेपर्यंत थांबायचं नाही म्हणून जीव तोडून वाजवत होते. सनईवाल्याचे डोळे बाहेर आले. ढोलवाल्याचा हात ढिला पडला. शेवटी बँडमास्तरचा दम संपला आणि एकेक वाद्य मुकाट झालं.

त्या शांततेत शाळेमागून आवाज आला. धुग धुग धुग धुग.

पाहुण्यांनी मान वळवली आणि मॅडमना काहीतरी विचारलं. मॅडमनी लोकांकडे पाहून तेच विचारलं, कारण पाहुणे समोर होते आणि दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. "हा आवाज कसला?"

"काही नाही," ताई म्हणाली. "माझ्या गाद्या घोरतायत."

मंडप फुटल्यासारखा हसला. पाहुण्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी भाषांतर केलं, शब्दाला शब्द, मान खाली घालून. पाहुणे हसले नाहीत. ते उठले, शाळेमागे गेले, वाकले, आणि सुतळी सोडून एक गादी बाजूला केली. मग तिथेच उभे राहून एकच वाक्य बोलले. त्याचं भाषांतर मॅडमनी केलं नाही, आणि कोणाला त्याची गरजही पडली नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. पाहुण्यांनी सांगून टाकलं की हे गाव खरोखर उजळल्याशिवाय पुढच्या कुठल्याही गावाला निधी नाही. आणि काय चमत्कार, बंदरातला शिक्का सुलटा झाला. नियम आपला चालूच होता. दिवाच न लागल्यामुळे या गावाचं बटण अजून दाबायचंच राहिलं होतं, म्हणून खोकी या गावाला निघाली.

मामाचीही रवानगी झाली, गोदामात. जायच्या आधी मॅडमनी त्याला बोलावलं. "मामा, तुम्हाला एवढंच तर काम होतं. बोट टेकलं की दिवा."

"हो," मामा म्हणाला. "चुकलं." पण चुकलं म्हणताना त्याचा चेहरा चुकलेल्या माणसाचा नव्हता. मॅडमनी ते पाहिलं आणि गोदामाचा कागद त्याच्यापुढे सरकवला.

बॅटऱ्या जोडल्या गेल्या त्या दिवशी गावात मंडप नव्हता, बँड नव्हता, फोटोवालाही नव्हता. फोटो काढायला कोणाचं तोंडच उरलं नव्हतं. भर सकाळी फिटरने शेवटची वायर आवळली आणि म्हणाला, "झालं." मामा रजा टाकून आला होता. ताईच्या ओट्यावर डबे पुन्हा कुंपणापर्यंत लागले होते, आणि त्याच दोन बायका पुन्हा भांडत होत्या. आळी दारात दाटली. मामा आपला दाराआड, भिंतीला चिकटून उभा.

"अरे, तिथे काय करतोस?" ताई म्हणाली. "पुढे ये. इथे मागून काही करायचं नसतं."

तो पुढे आला. तिने त्याच्या मनगटाला धरून त्याला चक्कीसमोर आणलं. भिंतीवर एक साधा काळा स्विच होता.

"दाब," ती म्हणाली. "तुझाच शब्द आहे."

जन्मात त्याने लोकांसमोर बटण दाबलं नव्हतं. आता सगळी आळी त्याच्याकडेच बघत होती. त्याने बोट टेकवलं. पट्टा सरकला, मोटर घुमली, चक्की गरगरत सुरू झाली आणि खालच्या पिंपात पांढरं पीठ पडायला लागलं.

मामाने चटकन मागे वळून पाहिलं, खटका कोणी दाबला म्हणून. मागे कोणी नव्हतं.