मंगळवारची जीप

रिटायर होताना ऑफिसनं माझ्याकडून सगळं परत घेतलं. किल्ल्या, शिक्के, लॅपटॉप, कपाटातल्या फायली. किस्से मात्र कुणी मागितले नाहीत! ते माझ्याबरोबर सांगलीच्या फ्लॅटवर आले आणि आता चहा घेताना, भाजी निवडताना एकेक बाहेर पडतो.

सातारा आणि सांगली, या दोन जिल्ह्यांत माझी अख्खी नोकरी झाली. रोग झाल्यावर बरा करायचा नाही, होऊच द्यायचा नाही, असं आमचं खातं. त्यातली सगळ्यात चांगली वर्षं एका जीपमध्ये गेली. आम्ही तिघं : मी डॉक्टर, लस टोचणाऱ्या सुनंदा सिस्टर आणि ड्रायव्हर महादूमामा. मंगळवार हा गावोगावच्या लसीकरणाचा वार. अजूनही मंगळवारी सकाळी मी साडी नेसून तयार असते. मग आठवतं, जायचं कुठंच नाहीये.

* * *

एकदा एप्रिलमध्ये जतच्या रस्त्यावर जीप बंद पडली. आसपास सावलीला एक झाड नाही. महादूमामा बॉनेटमध्ये डोकं घालून खटपट करत होते. मी वळून बघते, तर सिस्टरनी आपली छत्री लशीच्या डब्यावर धरलेली आणि स्वतः उन्हात उभ्या!

"अहो सिस्टर, डब्यात बर्फ आहे. तुम्ही या छत्रीखाली!"

"मॅडम, मला ऊन लागलं तर लिंबूपाणी हाय. लशीला काय पाजायचं?"

* * *

आटपाडीकडं एका मेंढपाळाच्या बाळाला पहिला डोस दिला. सिस्टरनी रजिस्टर उघडलं आणि बाळाच्या आईला, हिराबाईला, विचारलं, "फुडल्या म्हैन्यात कुठं असाल?"

"चारा असंल तितं."

सिस्टरनी पत्त्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं : चारा असेल तिथे.

पुढं तपासणीला पुण्याहून साहेब आले. नेमकं त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कुठलं गाव?"

मी सांगायला लागणार, तोवर दारातून महादूमामा बोलले, "लय मोठं गाव हाय सायेब. रस्ता तेवढा खराब हाय. येताय का?"

साहेबांनी पान उलटलं.

पण त्या गावाला आम्ही खरोखरच गेलो होतो! महिना झाला तसे वाटेत दिसेल त्या मेंढक्याला विचारत निघालो. कराडच्या पुढं, ऊस तुटून गेलेल्या एका रानात त्यांचा तळ सापडला. हिराबाई बाळ घेऊन रस्त्याच्या कडेलाच बसली होती.

"चारा परवाच सपला," ती म्हणाली. "मालक म्हनत हुतं, चल हितनं. मी म्हनलं, सिस्टर आल्याबिगर मी न्हाई हालायची."

सिस्टरनी तिथंच बाळाला दुसरा डोस टोचला. परतताना महादूमामांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

* * *

कुपवाडला एका लेथच्या वर्कशॉपमध्ये दशरथ कामाला होता. त्याला क्षय झाला. औषधं सुरू होऊन संसर्गाचा धोका टळला होता, कामावर जायला हरकत नव्हती. पण त्याचं लग्न ठरलेलं. मालकाला कळलं तर काम जाईल, सोयऱ्यांना कळलं तर लग्न मोडेल, या भीतीनं तो गोळ्या न्यायलाच येईना. मग आम्हीच निघालो. पण आरोग्य खात्याची पाटी लावलेली जीप दारात उभी करायची कशी?

महादूमामांनी जीपमधलं एक जुनं गंजकं बेअरिंग काढून माझ्या हातात दिलं. "मॅडम, हे दाखवाय आलो म्हना."

झालं! दर महिन्याला आम्ही ते बेअरिंग घेऊन जायचो. दशरथ ते उलटंपालटं करून बघायचा, मान हलवायचा आणि गोळ्या गुपचूप खिशात टाकायचा.

मालकाला शेवटी राहवेना. "मॅडम, सहा म्हैनं झालं! एक बेअरिंग बसंना? नवी जीप तरी मागा वो सरकारकडं!"

शेवटची तपासणी स्वच्छ आली, तेव्हा मी सांगायला गेले. दशरथनं बेअरिंग माझ्या हातातनं घेतलं, अर्धा तास घासूनपुसून लखलखीत केलं आणि परत दिलं. म्हणाला, "आता दोघंबी बरं झालो मॅडम."

* * *

आमची सोमवारची मीटिंग म्हणजे डोस चुकलेल्या मुलांची यादी. सिस्टर मोठ्यानं वाचायच्या : मुलाचं नाव, पत्ता, कारण. एका सोमवारी वाचता वाचता त्या थांबल्या, चष्मा सारखा केला आणि पुढं वाचलं, "पाच वर्षांचा बूस्टर राहिला. पत्ता : सरकारी क्वार्टर. मुलगी डॉक्टर मॅडमची. कारण : आई घरी सापडत नाही."

पंचवीस माणसं टेबलाकडं बघत बसलेली!

"मॅडम," सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "घरी कवा असता?"

मुलगी आता बंगळूरला असते. हा किस्सा ती तिच्या सासरी हसत हसत सांगते. मीही हसते.

* * *

माझ्या एका वर्गमित्राचं मिरजेत मोठं हॉस्पिटल झालं. उद्घाटनाला आम्ही तिघंही गेलो. तो पाहुण्यांना आपला एकेक जुना पेशंट दाखवत होता : यांचं हृदयाचं केलं, यांचा गुडघा बदलला. मग मला चिडवायला म्हणाला, "तुझा एखादा पेशंट दाखव की!"

महादूमामांना ते लागलं.

"कसा दावायचा डॉक्टर?" ते म्हणाले. "आमच्या मॅडमचा पेशंट आजारीच पडत न्हाई!"

* * *

मागच्या दिवाळीनंतर महादूमामांचा फोन आला. "मॅडम, सिस्टरला मिरजेला ॲडमिट केलंया. जमलं तर येऊन जावा."

दोन वर्षांपासून सिस्टरना विसर पडत चालला होता. वॉर्डच्या दारात त्यांच्या सुनेनं मला आधीच सांगितलं, "आवं, आमालाबी वळखत न्हाईत. मनाला लावून घेऊ नगासा."

मी पलंगाच्या कडेला बसले. केस बारीक कापलेले, हात काटकीसारखे. "सिस्टर, मी आलेय," म्हटलं. त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. चेहऱ्यावर ओळखीचं काहीच नाही. मला रडू आवरेना.

तेवढ्यात त्यांनी माझा हात ओढून घेतला. दंड चाचपला. ब्लाऊजची बाही वर सारली आणि अंगठ्यानं एक जागा हळूच, गोल गोल पुसली.

"रडू नगं बाळा," त्या म्हणाल्या. "मुंगी चावल्यागत हुईल. तिकडं बघ, खिडकीत."

मी खिडकीकडं बघितलं.