डोळे राहिलेलं चित्र

साऱ्या दिल्लीत चहात ब्रश बुडवून तोच चहा पिणारा आणि वर "आज आलं कमी पडलं गं पोरी" म्हणणारा माणूस एकच, आमच्या गच्चीवरच्या खोलीतले चित्रकार काका. मुनिरकात आमच्या गल्लीत ऊन काही खाली उतरत नाही, म्हणून काका गच्चीवर चित्रं काढतात आणि ओला कागद माझ्याच दोरीवर, बाळाच्या लंगोटांच्या मधे चिमट्याने लटकवतात. एक लंगोट निळा झाला तर मलाच म्हणाले, "जपून ठेव, माझी चित्रं मोठमोठे लोक भिंतीवर लावतात!" मी म्हटलं, "मग त्यांना हा पण लावायला सांगा."

माझंही चित्र काढलं त्यांनी, बाळाला कडेवर घेतलेलं. पदर झाला, बांगड्या झाल्या, बाळाचं नाकसुद्धा झालं, पण माझ्या डोळ्यांच्या जागी कोरा कागद. काकांचे वडील पेणला गणपती करायचे, डोळे सगळ्यात शेवटी आखायचे, काकांचंही तेच. मी रोज विचारायची, ते रोज म्हणायचे, "घाबरे डोळे मी आखत नाही." खोटं कुठे होतं? मी सातवी शिकलेली, हिंदी तोंडातच अडकते, दिल्लीत येऊन झालेल्या दोन वर्षांत एकटी गल्लीबाहेर गेले नव्हते.

आणि एका सकाळी बाळ तापाने फणफणलं. आमचे हे ड्रायव्हर, साहेबांना घेऊन जयपूरला. मी रडत वर पळाले, तर काकांचा पाय प्लास्टरमध्ये, स्टुलावर चढून आकाश रंगवताना पडलेले, ते मी विसरलेच होते! त्यांनी माझा हात ओढला आणि तळहातावर ब्रशने रस्ता काढला, डेअरी, पिंपळ, मग दवाखाना. "पुसला जायच्या आत पोच!"

पोचले. लाइनीत एक बाई पुढे घुसली आणि माझ्या तोंडून धाडकन निघालं, "ओ दीदी, पहले हम आये हैं!" ती गपचूप मागे गेली.

औषध घेऊन आले, ताप उतरला. काकांनी बाळाच्या कपाळाला हात लावला, मग माझ्याकडे बघून ओरडले, "हलू नकोस!" आणि दोन मिनिटांत डोळे आखले.

चित्र माझ्या दोरीवर एक दिवस वाळलं, मग प्रदर्शनातून गुडगावच्या कुणीतरी नेलं. बाजारात मी आता एकटी जाते. भीती वाटते, पण तेव्हा आठवतं, तिकडे कुणाच्या तरी भिंतीवर मी अजून लाइनीतल्या त्या बाईकडे डोळे वटारून बघतेय. निळा लंगोट बाळाला आता होत नाही. टाकवत मात्र नाही.