मग राहू दे

डिचोलीतल्या विशेष मुलांच्या शाळेसाठी देणग्या मागायला मी ज्या बाईंबरोबर फिरते, त्या नकार मिळाला तरी "बरें, परत येताव" म्हणून हसतात. दुपारी एकला मात्र फोन बंद करून सावकाश जेवतात. मला तो आळस वाटायचा.

एकदा मी अंगात ताप असताना कारापूरच्या दात्याकडे निघाले. बाईंनी माझ्या हातातली फाईल काढून घेतली.

"आधी डॉक्टराकडे चल."

"पण ते शाळेला बस देणार आहेत! आजच बोलावलंय."

त्यांनी दात्याला फोन लावला. "आमची मुलगी आजारी आहे, तिला दवाखान्यात नेते. उद्या येतो."

पलीकडचा आवाज चढला.

"मग राहू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्कूटर सुरू केली.

बस वर्षभर उशिरा, दुसऱ्याच दात्याकडून आली. माझ्याआधीच्या तिघी जेवण, आजारपण न बघता फिरत राहिल्या आणि थकून हे काम सोडून गेल्या होत्या. मी सातव्या वर्षीही फिरते आहे.