चिखलातला डॉक्टर

१९९४ साली बाबासो फडतरेला पीएच.डी. मिळाली. विषय होता निवटे, म्हणजे खाडीच्या चिखलावर उड्या मारत फिरणारे मासे. घणसोलीच्या खाडीत त्याने त्यांच्यामागे पाच वर्षं घालवली होती. वडील तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर, घर कोपरखैरण्याला, मूळ सातारा. आई वेणूबाई म्हणायच्या, "मासं चिखलात, तू बी चिखलात. नोकरी कुठं हाय?"

नोकरी मुलाखतीनंतर मिळते, म्हणून तो मुलाखती देत राहिला. लेक्चररची जागा बहुतेक ठिकाणी आधीच ठरलेली असे. पॅनेलने "कसे आलात?" एवढंच विचारलं की तो ओळखायचा. एका कॉलेजात चहा फार चांगला मिळाला. तिथेही घेतलं नाही.

पुढच्या एका कॉलेजात बाकावर शेजारी क्षिप्रा करंदीकर बसली होती. ती वहीची पानं भराभर उलटत होती.

"मी इथेच टेम्पररी शिकवते," ती म्हणाली. "जागा माझ्यासाठीच निघालीय."

"मग टेन्शन कसलं?"

"बाहेरचे तज्ज्ञ आलेत. त्यांनी खरंच काही विचारलं तर? माशांचं श्वसन माझं फार कच्चं आहे."

बाबासोने बाकावरच तिला माशांचं श्वसन समजावलं. कल्ले, त्वचा, सगळं. आत तिला नेमकं तेच विचारलं. बाबासोला विचारलं, "कसे आलात?"

"बसने," तो म्हणाला.

घरी आईने विचारलं, "झालं का काम?"

"झालं. एका मुलीचं."

त्याला ताटातली भाकरी संपवता आली नाही. वेणूबाईंना वाटलं, मुलगी मनात भरली.

वर्षभराने शेजाऱ्यांकडे त्याच्यासाठी फोन आला. क्षिप्राला खाडीतल्या माशांवर संशोधन प्रकल्प मिळाला होता आणि सहायक हवा होता.

"माझ्या हाताखाली काम करायला चालेल तुम्हाला?" तिने चाचरत विचारलं.

"चिखल कुठला?"

"घणसोलीचा."

"मग चालेल."

तो तिला मॅडम म्हणू लागला. सुरुवातीला अवघड गेलं, नंतर सवय झाली. दोन शोधनिबंध छापून आले. दोन्हींवर क्षिप्राने त्याचं नाव आधी घातलं. विचारल्यावर म्हणाली, "चिखलात तुम्ही होतात. मी काठावर होते."

त्या निबंधांमुळे ९९ साली विद्यापीठातून संशोधन अधिकाऱ्याच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. पॅनेलने निवट्यांबद्दल विचारलं, मग आणखी विचारलं. बाबासोला घाम फुटला. जागा कुणासाठीच ठरलेली नव्हती आणि याची त्याला अजिबात सवय नव्हती. त्याची निवड झाली.

"अभिनंदन," क्षिप्रा म्हणाली. "आता खाडीत कोण उतरणार?"

"तुम्ही, मॅडम."

रुजू होण्याआधी त्याने तिला चिखलात चालायला शिकवलं. ती साडीसकट पडली, उठली, पुन्हा पडली. शेवटी एक निवटा हातात आला, तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की तो निसटला.